पुस्तके दिसावीत, टिकावीत आणि हाती यावीत

पाळणाघरात पुस्तके असणे आणि ती मुलांच्या हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ घरगुती पाळणाघरांत पुस्तके असतात; परंतु ती कपाटाच्या वरच्या खणात, काचेच्या दारामागे किंवा पलंगाखालच्या पेटीत ठेवलेली असतात. मुले ती फाडतील, मळवतील, भिजवतील अशी भीती त्यामागे असते आणि ती अगदीच निराधार नसते. माथेरानसारख्या गावी तर हवामानच या भीतीला दुजोरा देते. मात्र पुस्तक जपण्यासाठी ते मुलांपासून दूर ठेवले, तर ज्यासाठी ते विकत आणले तो हेतूच बाजूला पडतो. ज्या मुलांच्या घरी एकही चित्रपुस्तक नाही त्यांच्या बाबतीत हे नुकसान मोठे असते. कारण शाळेत जाण्यापूर्वी पुस्तक हाताळण्याची त्यांना मिळणारी ती एकमेव संधी असू शकते. म्हणून साठवण आणि मांडणी या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

पाऊस आणि लाल धूळ

कर्जत तालुक्यातील माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसले आहे. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात दिवसचे दिवस धुके घरात शिरते, कपडे वाळत नाहीत, आगपेटीची काडी पेटत नाही. कागद तर हवेतील ओल सहज शोषून घेणारा पदार्थ. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर, खळीवर आणि पुठ्ठ्यावर बुरशी वाढू लागते. माथेरानच्या पावसाळ्यात ही मर्यादा सतत ओलांडली जाते.

पावसाळा संपला की दुसरी अडचण सुरू होते. माथेरानची जमीन जांभ्या दगडाची आणि माती लालभडक. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना प्रवेश नसल्याने रस्त्यांवर घोड्यांची आणि माणसांची वर्दळ असते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्या वर्दळीने उडणारी बारीक लाल धूळ दारे-खिडक्यांतून घरात येते. पांढऱ्या कागदावर तिचे डाग पडतात. ओल्या फडक्याने पुसल्यास ते आणखी पसरतात. त्यात माकडांचा उपद्रव वेगळाच. उघड्या खिडकीजवळ खाऊचा डबा आणि पुस्तके एकत्र ठेवली, तर डब्याबरोबर पुस्तकेही जाण्याची शक्यता असते.

माथेरानला माल चढवणे हेही खर्चाचे आणि कष्टाचे काम. नेरळहून येणारी वस्तू घोड्याच्या पाठीवरून, हमालाच्या डोक्यावरून किंवा गाडीने वर येते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही रेल्वेसेवा बंद ठेवण्याचा प्रघात आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तर हा लोहमार्ग इतका उद्ध्वस्त झाला की गाडी पुन्हा धावू लागण्यास २००७ साल उजाडले. अशा गावी भिजून गेलेल्या पुस्तकाच्या जागी दुसरे आणणे मुंबई-पुण्याइतके सोपे नसते.

कणा नसलेली पुस्तके

मराठी बालपुस्तकांचे स्वरूप लक्षात घेतल्याखेरीज त्यांची मांडणी ठरवता येत नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके, २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सची पुस्तके किंवा ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' मालिका ही सारी लहान मुलांच्या घरांत दिसणारी पुस्तके बहुतांशी पातळ असतात. पाने थोडी आणि बांधणी मधोमध मारलेल्या तारेच्या टाचण्यांची. अशा पुस्तकाला नाव छापता येईल एवढा कणाच नसतो. ती कपाटात उभी लावली, तर बाहेरून केवळ कागदाच्या कडांची रांग दिसते. वाचता येणाऱ्या मोठ्या माणसालाही त्यातून हवे ते पुस्तक सापडत नाही. मग अक्षरओळख नसलेल्या तीन वर्षांच्या मुलाला कसे सापडावे? शिवाय आधार नसल्याने ती पुस्तके वाकतात, घसरतात आणि त्यांचे कोपरे दुमडतात.

म्हणून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पुस्तकाचे मुखपृष्ठ समोर दिसेल अशीच मांडणी योग्य ठरते. मूल पुस्तक ओळखते ते मुखपृष्ठावरच्या चित्रावरून. हत्तीचे, आजीचे, पावसाचे पुस्तक त्याला दुरून दिसले की ते आपल्या पायांनी तेथवर जाते आणि आपल्या हातांनी ते उचलते. निवड करण्याची ही कृती वाचनाची पहिली पायरी आहे.

मुलाच्या मापाचे सामान हवे, ही कल्पना जुनीच आहे. १९०७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली त्याच वर्षी, मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये पहिले बालगृह उघडले आणि मुलाचा हात पोहोचेल अशी बुटकी कपाटे बालशिक्षणात आणली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी या विचाराला ग्रामीण रूप दिले. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी चालवलेल्या बालवाड्यांनी हे दाखवून दिले, की बालशिक्षणाची साधने महागडी असण्याची गरज नाही. परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून ती उभी राहू शकतात. घरगुती पाळणाघराला हाच धडा सर्वाधिक उपयोगी आहे.

मांडणी: काय, कोठे आणि किती उंच

दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारणपणे ८५ सेंटिमीटर असते. त्यामुळे सर्वांत खालची पट्टी जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर आणि सर्वांत वरच्या पुस्तकाची वरची कड ९० सेंटिमीटरपर्यंत, एवढ्याच पट्ट्यात सारी मांडणी बसवावी. त्याहून उंच ठेवलेले पुस्तक घेण्यासाठी मूल खुर्चीवर किंवा फळीवरच चढते, आणि अपघात होतात ते अशा वेळी.

कमी खर्चाचे काही प्रकार असे :

पन्हळीची फळी : पावसाचे पाणी वाहून नेणारी पीव्हीसीची पन्हळ माथेरानला नवी नाही. तिचे मीटरभर लांबीचे तुकडे भिंतीवर आडवे बसवले, की त्यांत पातळ पुस्तके मुखपृष्ठ पुढे करून उभी राहतात. तुकड्यांच्या कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात आणि टोकांना झाकणे बसवावीत. प्लास्टिकला वाळवी लागत नाही, हा आणखी एक लाभ.

कापडी कप्पे : जाड सुती कापडावर शिवलेले उथळ खिसे भिंतीवर टांगावेत. ते धुता येतात आणि मुलाच्या अंगावर पडले तरी इजा होत नाही. पावसाळ्यात मात्र हे कापड ओल धरते. म्हणून त्या चार महिन्यांपुरते ते काढून ठेवलेले बरे.

दोरी व चिमटे : महाराष्ट्रातील अनेक शाळांत पुस्तके दोरीवर टांगलेली दिसतात. पाळणाघरात दोरी ताठ ओढून भिंतीलगतच बांधावी. तिचे सैल टोक वा फास लोंबकळत राहू देऊ नये. लहान मुलाच्या गळ्याभोवती दोरी अडकण्याचा धोका गंभीर असतो. ज्या पाळणाघरात रांगती मुले आहेत तेथे हा प्रकार टाळावा.

टोपली : एक वर्षाच्या आतील मुलांसाठी जमिनीवर ठेवलेली उथळ टोपली पुरते. तिच्यात तीन-चार कापडी किंवा जाड पुठ्ठ्याची पुस्तके असावीत. वेताच्या टोपलीच्या काड्या सुटलेल्या नाहीत ना, हे पाहावे.

शाळा सुटल्यावर पाळणाघरात येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलांची गरज वेगळी असते. त्यांची पुस्तके जाड असतात. ती कणा बाहेर ठेवून नेहमीच्या फळीवर उभी लावता येतात. 'किशोर' मासिकाचे अंक, कोडी, विज्ञानाची पुस्तके यांसाठी लहानग्यांच्या हाताबाहेर एक स्वतंत्र फळी ठेवली, तर मोठ्या मुलांना आपली जागा मिळाल्याचे समाधान लाभते आणि पुस्तकेही वाचतात.

फळी असो वा कपाट, ते भिंतीला पट्टीने व स्क्रूने पक्के जखडणे अनिवार्य समजावे. भरलेले कपाट ओढल्याने किंवा त्यावर चढल्याने अंगावर कोसळू शकते. काचेची दारे आणि टोकदार कोपरे नसावेत. झाकण आपोआप पडणारी पत्र्याची पेटी मुलांच्या खोलीत ठेवू नये.

पुस्तकांचा कोपरा स्वयंपाकघराच्या ओट्यापासून, मोरीपासून आणि पाऊस ज्या बाजूने झोडपतो त्या भिंतीपासून दूर असावा. पश्चिमेकडची किंवा नैर्ऋत्येकडची बाहेरील भिंत पावसाळ्यात सर्वाधिक ओली होते. घराच्या आतल्या दोन खोल्यांमधली भिंत सर्वांत कोरडी. नाइलाजाने बाहेरच्या भिंतीलाच मांडणी करावी लागली, तर फळी आणि भिंत यांत चार बोटे अंतर राखावे. त्यामुळे मागून हवा खेळते आणि भिंतीची ओल थेट कागदात उतरत नाही. थेट ऊनही नको, कारण त्याने रंग उडतात आणि मुखपृष्ठे वळतात. खाली चटई वा सतरंजी आणि बसायला थोडी निवांत जागा असली, की कोपरा पूर्ण होतो.

थोडी बाहेर, बाकीची आत

सारीच पुस्तके एकदम बाहेर मांडण्याची गरज नाही. तीन वर्षांखालील मुलांच्या संगोपनाची गुणवत्ता मोजण्यासाठी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात विकसित झालेल्या एका सर्वपरिचित पद्धतीत, चांगल्या श्रेणीसाठी किमान १२ पुस्तके आणि दर मुलामागे किमान दोन पुस्तके दिवसाचा बराच वेळ हाताशी असावीत, असा निकष आहे. सहा मुलांच्या घरगुती पाळणाघराला म्हणजे १२ ते १५ पुस्तके दर्शनी असली की पुरे. उरलेली साठ्यात ठेवून दर आठवड्याला चार-पाच पुस्तकांची अदलाबदल करावी. महिनाभराने साठ्यातून बाहेर आलेले पुस्तक मुलांना नव्यासारखे वाटते.

अदलाबदल करताना एक पथ्य पाळावे. मूल जे पुस्तक रोज मागते ते काढून घेऊ नये. तेच ते पुस्तक पुन्हा पुन्हा ऐकण्यात मोठ्यांना कंटाळा येत असला, तरी मुलाला पुढचे पान आधीच ठाऊक असण्याचा आनंद असतो, आणि त्यातूनच शब्द पक्के होतात.

पुस्तके वेगळी ओळखण्यासाठी मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका चिकटवण्याची रीत सोपी आहे. प्राण्यांच्या पुस्तकांना हिरवा, घर-माणसांच्या पुस्तकांना पिवळा, गाण्यांच्या पुस्तकांना निळा. त्याच रंगाची पट्टी फळीवर लावली, की अक्षर न वाचता येणारे मूलही पुस्तक जागेवर ठेवू शकते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांतील पहिलाच नियम ग्रंथ वापरासाठी असतात, असे सांगतो. तो बालपुस्तकांना सर्वांत आधी लागू होतो. साध्या वहीत पुस्तकाचे नाव, आणल्याची तारीख आणि दुरुस्तीची नोंद ठेवली, तर साठा आवाक्यात राहतो.

भाषेचाही विचार व्हावा. कर्जत-खालापूर परिसरातील मुलांच्या घरी मराठीबरोबर हिंदी, ठाकरी किंवा कातकरी बोली कानावर पडते. त्या बोलींतील छापील बालपुस्तके सहज मिळत नाहीत. येथे छायाचित्रांचा प्लास्टिकच्या खिशांचा जुना अल्बम उपयोगी पडतो. मुलांची चित्रे, गावातील घोडे, गाडी, शार्लोट तलाव, घरची माणसे यांची छायाचित्रे त्यात सरकवून खाली मुलाच्या बोलीतले एकेक वाक्य लिहावे. पान मळले तर पुसता येते, आणि आपले घर पुस्तकात पाहण्याचा आनंद मुलाला मिळतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी विनामूल्य उतरवून छापून घेता येतात, हीही एक सोय.

साठवण आणि कीड

साठ्यातील पुस्तकांसाठी घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे किंवा रबरी पट्टी असलेल्या पेट्या चांगल्या. मात्र पुस्तके पूर्ण कोरडी असतानाच त्या बंद कराव्यात. ओल आत कोंडली गेली, तर डबाच बुरशीची वाढ करणारी पेटी बनतो. याच कारणाने दमट हवेत एकेक पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळणे धोक्याचे. जुन्या दप्तरांत कागद सुती रुमालात बांधून ठेवत. ती पद्धत आजही उपयुक्त आहे. सुती कापड धूळ अडवते आणि हवा जाऊ देते. धुळीच्या आठ महिन्यांत कपड्याच्या बासनात बांधलेली पुस्तके स्वच्छ राहतात.

डबे जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा विटांवर ठेवावेत. त्याने ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. कसर आणि झुरळे यांना खळ आणि अन्नाचे कण आवडतात; म्हणून पुस्तकांच्या कोपऱ्यात खाऊ न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय. कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा वेखंडाचे तुकडे पातळ कापडात बांधून साठ्याच्या डब्यात ठेवण्याची रीत जुनी आहे; त्यांवर सारी भिस्त ठेवू नये, आणि ती पुरचुंडी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

डांबराच्या गोळ्या मात्र पाळणाघरात कोठेच नसाव्यात. त्यांतील नॅफ्थलीन तोंडात गेल्यास विषबाधा होते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये तर त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. ही कमतरता भारतातील काही आदिवासी समाजांत तुलनेने अधिक आढळलेली आहे. पांढरी गोळी मुलाला पेपरमिंटसारखी दिसते, हे विसरू नये. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्याही मुलांच्या हाती न लागणाऱ्या बंद डब्यातच असाव्यात. त्या घशात अडकू शकतात.

भिजलेले, फाटलेले, बुरसटलेले

रंगीत चित्रपुस्तके पुष्कळदा गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापलेली असतात. असा कागद भिजून तसाच मिटलेला वाळला, तर पाने एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून पुस्तक भिजल्याबरोबर पानापानांत कोरा शोषक कागद किंवा पातळ सुती कापड घालावे, ते वरचेवर बदलावे आणि पंख्याच्या वाऱ्यावर पुस्तक उलगडून ठेवावे. वीज गेलेली असेल वा वेळ नसेल, तर पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास, तो कप्पा गार आहे तोवर बुरशीची वाढ थांबते.

बुरशी आलेले पुस्तक त्वरित इतरांपासून वेगळे करावे. ते पूर्ण वाळल्यावर, घराबाहेर, नाकातोंडावर मुखपट्टी बांधून मऊ कुंचल्याने झाडावे. मुले जवळ नसावीत. बुरशीच्या कणांनी दम्याचा त्रास बळावतो. वास जात नसेल किंवा डाग आतवर पसरले असतील, तर त्या पुस्तकाचा मोह सोडलेला बरा. तान्ही मुले पुस्तक तोंडात घालतात.

तारेच्या टाचण्या दमट हवेत गंजतात, कागद खातात आणि बोटाला लागतात. नवे पुस्तक आणल्यावर त्या टाचण्या उचकटून त्याच छिद्रांतून जाड सुती दोऱ्याने तीन टाके घातले, तर पुस्तकाचे आयुष्य वाढते. दहा मिनिटांचे हे काम माथेरानमध्ये अत्यावश्यकच मानावे. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावली, तर ती कालांतराने पिवळी पडते आणि तिचा गोंद पाझरतो. त्याऐवजी पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची ताजी खळ वापरावी. बांधणी करणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने बालपुस्तकांच्या खळीत घालू नये. अशी दुरुस्ती मुलांच्या समोर, त्यांना मदतीला घेऊन केली, तर पुस्तक जपण्याचा संस्कार आपसूक होतो.

वर्षाचे वेळापत्रक

माथेरानमध्ये मे महिन्याच्या अखेरीस घरांच्या पावसाळी बाजूंना आवरणे घालण्याची लगबग सुरू होते. तेव्हाच पुस्तकांचीही तयारी करावी. सारी पुस्तके सकाळी सावलीत वाऱ्यावर ठेवून, झाडून, कोरड्या दिवशी डब्यात बंद करावीत. जून ते सप्टेंबर या काळात आठ-दहा टिकाऊ पुस्तकेच बाहेर असावीत. कापडी, जाड पुठ्ठ्याची, अल्बमची. साठ्यातील दोन-तीन पुस्तके दिवसापुरती बाहेर काढून संध्याकाळी पुसून आत ठेवावीत. आठवड्यातून एकदा प्रत्येक पुस्तक उघडून, वास घेऊन पाहावे. कपाटात दिवा पेटता ठेवून ऊब देण्याची युक्ती काही घरांत केली जाते. परंतु कागदाजवळ तापणारा दिवा आगीला निमंत्रण देतो.

पावसाळ्यात पुस्तके सरसकट बंद करून टाकणे मात्र योग्य नव्हे. याच महिन्यांत मुलांचे बाहेर खेळणे थांबते, दिवस घरात जातो आणि गोष्टींची गरज सर्वाधिक असते. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सारा साठा वाऱ्यावर घालून तपासावा आणि दर्शनी पुस्तकांवर रात्री धुळीसाठी सुती कापड टाकावे. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुटी हे पर्यटकांच्या गर्दीचे दिवस. हॉटेलांत व दुकानांत काम करणाऱ्या आयांचे तास वाढतात आणि पाळणाघरातला मुलांचा मुक्कामही लांबतो. नवी पुस्तके बाहेर काढण्यास तेच दिवस योग्य.

पुस्तके मर्यादित असतील, तर गावातील दोन-तीन पाळणाघरांनी किंवा अंगणवाडीने आपापसांत महिन्याला दहा पुस्तके बदलून घेणे सहज शक्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार माथेरानची वस्ती सुमारे साडेचार हजार आहे. एवढ्या लहान गावात पुस्तकांची एक पिशवी या घरून त्या घरी नेणे अवघड नाही.

हाताळल्याने पुस्तकाचे कोपरे झिजतील, एखादे पान फाटेल आणि तीन-चार वर्षांनी ते पुस्तक निकामी होईल. पाळणाघर चालवणाऱ्या मावशींनी हा खर्च आधीच गृहीत धरावा. वहीतील नोंदीवरून असे पुस्तक किती मुलांनी वापरले हे कळले, तर ते वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. उलट, वर्षानुवर्षे कोरे करकरीत राहिलेले पुस्तक आढळले, तर त्याची जागा बदलून पाहावी. पुष्कळदा ते केवळ मुलांच्या नजरेच्या वर ठेवलेले असते.